एकवीस नंबरच्या हद्दीतली देवी

खंडेनवमीला चाकणच्या त्या कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या होत्या आणि विवेकाला भरपगारी सुट्टी मिळाली होती. आवारात साठ-सत्तर कामगार हात जोडून उभे. तळेगावच्या धोंडीबा महाराजांनी धुपाटण्यावर पिवळसर ‘विभूती’ उधळली. पुरुषभर उंच भडका उठला आणि क्षणात विझला. बायकांनी पदर डोक्यावर ओढले.

सुरक्षा अधिकारी विजयश्री मात्र मागच्या शेडच्या बंद दाराकडे पाहत होती. आत ॲल्युमिनियमचे सुटे भाग घासले जात. महिन्यापूर्वी तिथे हवेतच जाळ उठला आणि साहेबरावाचे दोन्ही हात भाजले. त्यानंतर तिने मोजमाप करून जमिनीवर लाल हद्दी आखल्या होत्या: धूळ ओढणाऱ्या नळ्यांत वीस, यंत्रांभोवती एकवीस, उरलेल्या जागेत बावीस. आकडा जितका लहान, तितका स्फोटक धुळीचा ढग तिथे अधिक काळ. मॅनेजर निरंजन यांनी तो नकाशा फाइलला लावला आणि महाराजांना निमंत्रण धाडले.

कामगारांनी आकड्याचा अर्थ आपापला लावला. एकवीस म्हणजे दूर्वांचा, मोदकांचा आकडा. रेषेबाहेर चपला निघू लागल्या, आकड्यावर हळदकुंकू पडले. महाराजांनी त्यावर शास्त्रच रचले. भूमीत अतृप्त अग्निदेवी आहे, तिची ‘कंपने’ एकवीस, विजयश्रीबाईंच्या हातून तिनेच ती संख्या लिहवून घेतली. आता त्याच रिंगणात, दार बंद करून, सर्वांसमक्ष एकवीस भडके दिले की ती कायमची तृप्त.

शेडचे कुलूप निघाले. साहेबरावाची बायको रतनबाई नारळ घेऊन सर्वांत पुढे होती. विजयश्री दारात आडवी उभी राहिली. आतल्या तुळयांवर बोटभर राखाडी धूळ साचलेली तिला दिसत होती.

“बाजूला व्हा मॅडम. लोकांच्या भावना आहेत,” निरंजन म्हणाले.

“भावना बाहेर भडकू देत, सर. आत धूळ आहे.”

गर्दीतून कोणी म्हणाले, हा शहाणपणा साहेबरावच्या हातांना लावा. विजयश्रीने दार ओढून घेतले, धुपाटणे उचलून लांब फाटकाशी नेले आणि महाराजांच्या तबकातली पुडी त्यावर एकाच जागी रिती केली. देवीची परीक्षा पाहू नये, असे महाराज सांगत राहिले. भडका उठला नाही. ढीग वितळला, बुडबुडला, काळपट धुरकटला. वास पसरला तशी रतनबाई थबकली.

“ही तर राळ हाय,” ती म्हणाली. “आमच्या जत्रंत सोंगं नाचत्यात, तवा मशालीवर हीच फेकत्यात. म्हून काय आमी मशालवाल्याच्या पाया पडत न्हाई.”

कोणीतरी फिसकन हसले. विजयश्रीने तबकातली उरलेली चिमूट उधळली. तोच भडका, तेवढाच उंच.

“मंत्र मी म्हटला नाही,” ती म्हणाली. “ढिगाला हवा वरवर मिळते, म्हणून तो धुमसतो. पूड उधळली की कणाकणाला हवा मिळते, सगळे एकदम पेटतात. आत तुळयांवर पोतंभर ॲल्युमिनियम आहे. एका भडक्याच्या धक्क्यानं ते खाली येईल, आणि तेव्हा दार बंद असेल.”

महाराज मोटारीकडे वळले होते.

रतनबाईने नारळ जमिनीवर ठेवला. “साहेब, कुलूप लावा,” ती निरंजनना म्हणाली. “तुळया साफ होईस्तवर आमी आत जानार न्हाई.” तिच्यामागचे कोणीच दाराकडे हलले नाही. निरंजननी कुलूप लावले.

वाचकहो, ज्या ज्वाळेपुढे मान झुकते, ती कशावर जळते आहे, एवढे तरी विचारावे. आणि या प्रश्नाचा ज्याला राग येतो, त्याच्यामागे बंद खोलीत जाऊ नये.