हिरवा शिक्का

तामसीच्या बौद्ध वस्तीत चंपत गुरुजींचं एक सांगणं सगळ्यांना पाठ होतं: शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचं नाही. अर्ज दोन प्रतींत लिहायचा, एक प्रत कारकुनाच्या हातात द्यायची आणि दुसरीवर अर्ज मिळाल्याचा, 'वसूल'चा शिक्का उमटेपर्यंत टेबलासमोर उभं राहायचं. कारकून खेकसला तरी उभं राहायचं, जेवायला गेला तरी उभं राहायचं. वस्तीचे अर्ज 'आलेच नाहीत' म्हणून तोंड वर करून सांगणारे कारकून गुरुजींनी उभ्या जन्मात खूप पाहिले होते. त्यांच्याहून बिलंदर असे, की शिक्का ठसठशीत मारायचे आणि माणसाची पाठ वळली की अर्ज रद्दीत टाकायचे. गुरुजी नोकरीतून निवृत्त झाले, तरी कुणाला अर्ज करायचा असला की वस्ती त्यांच्याच ओसरीवर यायची.

त्यांची मुलगी वृषाली आदिलाबादला एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करायची. लोकांना तिचं काम नेमकं काय ते कळायचं नाही, पण गुरुजींना कळायचं. "आता कचेऱ्या कंप्युटरात गेल्या. आमची पोरगी त्या कचेऱ्या बांधते," असं ते बसमध्ये शेजारी बसेल त्याला सांगायचे.

या वर्षी एका खाजगी संस्थेच्या नर्सिंग कॉलेजचा प्रवेशाचा फॉर्म वृषालीच्या वाट्याला आला. जुन्या फॉर्मचा ताप सगळ्यांना माहीत होता. बटण दाबलं की पान पांढरंफटक व्हायचं आणि सिग्नल गेला की भरलेलं सगळं पाण्यात. वृषालीनं तो नव्यानं लिहिला. आता बटण दाबलं तरी पान जागचं हलायचं नाही. माहिती मागच्या मागे सर्व्हरकडे जायची, तिकडून जवाब आला की बटणाखाली हिरवी ओळ उमटायची: 'तुमचा अर्ज मिळाला.' जवाब नाहीच आला तर लाल ओळ: 'अर्ज गेला नाही, पुन्हा पाठवा.' काम देखणं झालं होतं. तिला त्याचा अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

पण दाखवायच्या दिवशी घोळ झाला. संस्थेच्या अध्यक्षांनी बटण दाबलं आणि हिरवी ओळ यायला थोडा वेळ लागला. मोठ्या माणसाला वाट पाहायची सवय नसते. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि कंपनीचे मालक भूषण सर कासावीस झाले.

"हिरवं लगेच आलं पाहिजे, वृषाली. बोट उचललं की हिरवं."

"सर, तिकडून जवाब येण्याआधीच 'मिळाला' कसं म्हणायचं?"

"जातोच की अर्ज! तुला काय सगळ्या जगाची काळजी? आणि ते लाल काढून टाक. लोक घाबरून कॉलेजला फोन करतात."

ती थोडी भांडली. मग गप्प बसली, कारण भूषण सरांशी भांडून त्या ऑफिसात कुणी टिकलं नव्हतं. हिरवं दाखवायची ओळ तिनं जवाबाची वाट पाहायच्या ओळीच्या वर नेऊन ठेवली आणि लाल ओळ पुसून टाकली. चहा निवायच्या आत काम झालं. अध्यक्ष खूश, भूषण सर खूश, आणि दोन-चार दिवसांत वृषालीही विसरली. विसरायला तिला फार कष्ट पडले नाहीत.

त्याच फॉर्मवर वस्तीतली रुपा अर्ज भरणार होती. रुपाची आई सोजरबाई लोकांच्या वावरात कापूस वेचायची. पोरगी बारावीला झकास मार्कांनी पास झालेली, पण तिच्या मामानं एक स्थळ आणून ठेवलं होतं. बऱ्याच रडारडीनंतर घरात ठरलं: नर्सिंगला नंबर लागला तर शिकायचं, नाही तर दिवाळीनंतर लग्न. रुपाचं सगळं त्या एका अर्जावर आलं होतं.

अर्ज गुरुजींच्या ओसरीवर, रुपाच्या मोबाइलवर भरला गेला. गुरुजी चष्मा लावून शेजारी बसले, एकेक रकाना वाचून घेतला. मुदत संपायला अजून वेळ होता. बटण दाबल्यावर त्यांनी आपल्या फोनवरून मुलीला फोन लावला.

"वृषाली, पान तं जागचं हाललं नाही. पन खाली हिरवं आलं, अर्ज मिळाला म्हनून. झालं का मंग?"

त्यांचा आवाज तुटत होता. मधले शब्द गळत होते, फोन एकदा बंद पडून पुन्हा लागला होता. तामसीत त्या घडीला सिग्नलची काय दशा आहे हे तिच्या कानालाच कळत होतं. हातात दुसरं काम होतं. ती म्हणाली, "हिरवं आलं ना बाबा? मग झालं."

"रुपे, फोटो काढ त्याचा," गुरुजी म्हणाले ते तिला ऐकू आलं. "शिक्का हाय तो आपला."

यादी लागली तेव्हा तिच्यात रुपा नव्हती. रुपापेक्षा कितीतरी कमी मार्कांच्या मुली मात्र होत्या. गुरुजींचा फोन आला तेव्हा ते चिडलेले नव्हते, उलट त्यांना हुरूप आला होता. "आपल्यापाशी शिक्का हाय. अन् कचेरी बांधनारीच आपली हाय. उद्या तू कॉलेजात ये, साक्ष दे." वृषालीनं फोन ठेवला. काय झालं असणार ते तिला तेव्हाच कळलं होतं.

कॉलेजात प्रवेशाच्या टेबलावरच्या साहेबांनी कंप्युटरात शोधून सांगितलं, या नावाचा अर्ज आलेला नाही. गुरुजींनी ते शांतपणे ऐकलं. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी रुपाचा मोबाइल टेबलावर ठेवला.

"हा पाहा तुमचा शिक्का. अन् हे आमची पोरगी. हा फॉर्म हिनंच बनवला. सांग वं याहिले, हिरवं आलं म्हनजे अर्ज मिळाला का नाही?"

सोजरबाई पदर सावरून वृषालीकडे पाहू लागली. रुपाही पाहू लागली. नुसतं 'हो' म्हटलं तर निदान आज भांडण उभं राहील, हे वृषालीला दिसत होतं. पण कंप्युटरात अर्ज नव्हता, आणि बापाच्या तोंडावर खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"नाही बाबा," ती म्हणाली. "बटण दाबलं की हिरवं येते. अर्ज जावो की न जावो. तुमच्या तिथं सिग्नल नव्हता."

"तुले कोनं सांगितलं?"

"मीच केलं तसं."

टेबलावरचे साहेब मोकळे झाले. "लो, आपकीच बेटी बोल रही है," ते म्हणाले. अर्ज आलेला नाही हे तुम्हीच कबूल केलं, आता फॉर्ममध्ये खोट असेल तर कंपनीला विचारा, यादी बंद झाली. वृषालीनं बाहेर जाऊन भूषण सरांना फोन लावला. ते म्हणाले, नेटवर्कचा प्रॉब्लेम म्हणून सांग आणि तिथून निघ.

तामसीच्या बसमध्ये ती त्यांच्यासोबत चढली. का चढली, तिलाही सांगता आलं नसतं. गुरुजी पुढच्या बाकावर एकटे बसले आणि आज शेजारच्याशी एक शब्द बोलले नाहीत. वृषालीच्या डोळ्यांना धार लागली तशी सोजरबाईनं आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं.

"तू काऊन रडून राह्यली, माय? तू का मुद्दाम केलं? आमच्या पोरीचं नशीबच तसं."

त्यापेक्षा तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रुपा मोबाइल हातात धरून बसली होती. बराच वेळ ती त्या हिरव्या ओळीकडे पाहत राहिली, मग तिनं हळूच विचारलं, "ताई, हा फोटो आता ठिवू का मिटवू?"

उत्तर पुढच्या बाकावरून आलं. गुरुजींनी मान मागे वळवलीसुद्धा नाही.

"ठिव, बाई. शिक्का मारून अर्ज फेकनारे कारकून म्या लय पाह्यले. आपल्या घरचा हा पह्यलाच."