डॉक्टरांच्या गाडीचा आवाज

दादाचा हात धरून गाडीकडे निघाले तेव्हा माझ्याइतकं मिरवणारं माणूस त्या रस्त्यावर नव्हतं. दोघांपुरती, जमिनीला टेकलेली लाल स्पोर्ट्स कार. अजून बाजारात यायची होती, पण सुट्टीच्या दिवसापुरती कंपनीने मला दिली होती. दादा जन्मापासून आंधळा, त्याला लाल रंगाचं काय कौतुक! त्याने बोनेटपासून मागच्या दिव्यांपर्यंत हात फिरवला.

"एवढुशीच आहे की गं! आपल्यासारख्यांना परवडेल म्हणतेस?"

"म्हणून तर इंजिन छोटं ठेवलंय. तीनच सिलिंडर. त्याला टर्बो, आणि जोडीला बॅटरीवरची मोटर."

"म्हणजे दुबळ्याला दोन काठ्या."

"काठ्या म्हण, नाहीतर काही म्हण. पळते मात्र झकास."

हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या कंपनीत ते पैशापैशाने ठरवतात. मोठं इंजिन त्या किमतीत बसत नव्हतं आणि धुराच्या नियमांतही नाही. यापुढे ते श्रीमंतांच्याच गाड्यांत राहणार. छोटं वेगाला कमी नव्हतं, पण आवाज इतका किरटा, की चालवणाऱ्याला आपण फसलो असं वाटावं. "लोक वेग घेत नाहीत, आवाज घेतात," साहेब म्हणाले आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. दारांत आतल्या बाजूला बसवलेल्या स्पीकरमधून मोठ्या इंजिनाचा आवाज काढायचा, पाय दाबला की चढवायचा, सोडला की उतरवायचा. सोंगच ते, पण मी जीव ओतून वठवलं.

आवाज कुठला घ्यायचा हे मला शोधावं लागलं नाही. लहानपणी आमच्या गल्लीत डॉक्टरांची जुनी सहा सिलिंडरची गाडी यायची. ती चौकात वळायच्या आत दादा खिडकीतून ओरडायचा, "आले डॉक्टर!" तो कधी चुकला नाही. आई म्हणायची, याचे डोळेही कानातच आहेत.

मोकळ्या रस्त्यावर मी पाय दाबला. दादा ताठ झाला.

"अगं, ही तर डॉक्टरांची गाडी!"

"ओळखलीस?"

"म्हणजे काय! तीन सिलिंडरांत हा आवाज काढलात?" त्याने तळहात दारावर टेकवला. "इंजिन पुढेच आहे ना?"

"पुढेच."

"आणि आवाज त्याचाच?"

तो रडत होता आणि हसतही होता. त्या क्षणी खरं सांगायला मला एक शब्द पुरला असता. "त्याचाच," मी म्हणाले.

"मग मला उतरव. कडेला उभं राहून ऐकतो. तू लांबून ये, मागच्या चौकातच ओळखतो की नाही बघ."

माझं धाबं दणाणलं. उशीर झालाय, ऊन आहे, असं काहीबाही बोलून पाहिलं, पण तो दार चाचपायलाही लागला होता. बसथांब्याच्या कठड्याशी त्याला उभं करून मी चौकापलीकडे लांबवर गेले आणि वळले.

येताना पाय पूर्ण दाबला. आत डॉक्टरांची गाडी गरजत होती. बाहेर काय ऐकू जातंय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दादा कान चौकाकडे लावून उभा होता, लहानपणी खिडकीत बसायचा तसाच. मी त्याच्या समोरून गेले. त्याने कपाळाला आठी घालून, गाणं ऐकताना मधे कुणी खोकलं की करतो तसा, हात झटकला आणि पुन्हा चौकाकडे कान लावला. तो माझीच वाट बघत होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी उभी करून चालत त्याच्याकडे गेले. पावलांवरून त्याने मला ओळखलं.

"का गं, बंद पडली? मधे कोणीतरी शिलाई मशीन दामटत गेलं, त्यात तुझी ऐकायची राहिली का?"

"दादा, ते मशीन म्हणजे मीच."

मग सगळं सांगितलं. स्पीकर, साहेब, डॉक्टरांच्या गाडीचा चोरलेला आवाज. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा अजून चौकाकडेच होता.

"आवाज दारातून येतोय," तो म्हणाला, "हे मला बसल्या बसल्याच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"विचारलं की तुला. तू म्हणालीस इंजिनाचाच. म्हटलं, आता आपले कानही गेले. तू कशाला खोटं बोलशील?"

मी त्याचा हात धरायला गेले. त्याने तो हळूच सोडवून घेतला आणि कठडा चाचपत गाडीच्या शोधात एकटाच निघाला. गाडी दुसऱ्या बाजूला होती, हे सांगायलाही माझं तोंड उघडेना.