कॅबिनेटमधली देवी

रांग गल्लीच्या तोंडाशी, भाजीवाल्यांच्या पाट्यांपर्यंत गेली होती. नळावर पाय धुवायचे, ओल्या पायांनी आत यायचं, सविताच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला, त्या पत्र्याच्या खोक्याला, तीन बोटं टेकायची. बोटांत मुंग्या आल्या की डोळे पुसत बाहेर पडायचं. १९९९ साली पंचवटीत देवी कॅबिनेटमध्ये उतरली होती, आणि सविता घरबसल्या छापून देत असलेल्या सात लग्नपत्रिका आत अडकल्या होत्या.

लक्षण: हात लावला की झिणझिण्या.

पहिल्यांदा त्या सासूला, लंकाबाईंना आल्या. फरशी पुसता पुसता त्यांनी कॅबिनेटवरून फडकं फिरवलं आणि तशाच खाली बसल्या. शुगरने पाच वर्षं बधिर झालेली बोटं. चहाचा कप गरम की गार, तेही कळायचं नाही.

"सविता, मला कळलं गं. बोटाला कळलं."

तेव्हा सविताही आनंदली होती. पुढे हेच तिला टोचत राहिलं.

कारण, खंडेराव महाराजांच्या मते: विंचूरहून आलेले महाराज कॉम्प्युटरशेजारी पाटावर उभे राहून सांगत, की ही वीज बोर्डाची नाही, वरच्या लाइनीची, हिला मीटर नाही आणि लोडशेडिंगही नाही. चप्पल घालणाऱ्याला देवी लागत नाही, कारण चप्पल म्हणजे अहंकार. स्वतः दोन्ही तळहात पत्र्यावर ठेवून ते जांभई देत. देवी लेकराला चावत नाही म्हणे. लंकाबाईंच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या होत्या, आणि शुक्रवारी लंकाबाईंच्याच हातून दुधापाण्याचा अभिषेक ठरवला होता. कॅबिनेटवर. चालू कॅबिनेटवर.

गुरुवार. सविता कॉम्प्युटरसमोर येऊन उभी राहिली. चप्पल घातली की देवी जाते?

तिने रबरी सपाता घातल्या, हात लावला. काही नाही. काढल्या. झिणझिण्या. घातल्या, काढल्या, घातल्या. मग सपाता फेकून ती महाराजांच्या कोरड्या पाटावर चढली. काही नाही. तिने प्लग उपसून हातात घेतला. प्लग तीन पिनांचा, पिना दोन. वरची जाड पिन कुणी कापली?

तिनेच. कॉम्प्युटर आला त्या दिवशी, भिंतीतल्या जुन्या दोन भोकांत प्लग बसेना म्हणून, हॅक्सॉने. पितळेचा तुकडा अजून टेबलाच्या खणात होता.

शुक्रवार. दार गच्च भरलेलं, लंकाबाईंच्या हातात लोटा.

"महाराज, पाटावरून उतरा."

"माउली, मुहूर्त टळेल."

"टळू दे. पाय धुवा सगळ्यांसारखे, मग हात लावा."

रांगेतला गोरक्ष भाजीवाला म्हणाला, "उतरा की. लेकराला चावत नाय ना?" कुणीतरी हसलं. महाराज उतरले, पाय ओले केले, एक बोट टेकवलं, आणि हात असा झटकला की अंगारा सांडला.

"आरं, हा तर विंचूरला पंपाच्या जळक्या मोटारींत तारा भरायचा, विजेतलाच माणूस," मागून आवाज आला.

सविताने लोटा सासूच्या हातातून काढून घेतला. मग सांगितलं, की कॅबिनेटच्या आत विजेचा डबा असतो, त्यातून थोडी वीज पत्र्यावर झिरपते. जाड पिन ती जमिनीत सोडते. पिन नसेल, तर ती ओल्या पायाच्या माणसातून जाते. कोरडा पाट तिला अडवतो. लोटाभर पाणी आत गेलं असतं, तर मुंग्यांवर भागलं नसतं.

"आणि ती पिन मी कापली," ती म्हणाली. महाराज केव्हाच गेले होते, पाट राहिला.

रविवारी सहादू वायरमनने परसात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला, जाड पिनेची वायर त्यात पुरली. गल्लीला वाटलं, करणी. नव्या सॉकेटात नवा प्लग बसला. लंकाबाईंनी ओल्या पायांनी बोटं टेकवली. पुन्हा टेकवली.

"काहीच कळंना गं."

"नाही कळणार, आत्याबाई. उद्या डॉक्टरांना बोटं दाखवू. आधी गोळी घ्या."

त्यांनी गोळी घेतली. मग कितीतरी वेळ बोटं चोळत बसल्या.

पत्रिकांच्या आधी सविताने एकच कागद छापला, पत्रिकेच्याच वळणदार अक्षरात, आणि पत्र्यावरचं कुंकू पुसून तिथे चिकटवला:

हात लावून मुंग्या आल्या तर पाया पडू नका. चप्पल घाला, बटण बंद करा, प्लग काढा. पिना मोजा.