मागची सीट

माझी गाडी दोन इंच खाली आली तो दिवस माझ्या आयुष्यातला फार आनंदाचा होता, हे आज सांगतानाही कान लाल होतात. कुणाला मूल होतं, कुणी परीक्षेत पहिला येतो. मला अठरा इंची चाकं मिळाली.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. कुणाच्या चेहऱ्याला कोणती फ्रेम शोभेल हे दिवसभर सांगायचं. त्यामुळे दिसण्यातलं आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं, असा माझा समज. गाडी सेकंडहँड, करडी, पंधरा इंची चाकांची. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं मोकळी जागा. सिग्नलला शेजारी एखादी खाली केलेली गाडी येऊन थांबली की माझी गाडी मला आखूड पँट घातलेल्या माणसासारखी वाटायची.

गाड्या खाली करून मोठी चाकं बसवून देणाऱ्याला सगळे मोजपट्टी म्हणतात. कमरेला कायम टेप अडकवलेला, आणि दहा प्रश्न विचारल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. त्याच्या भिंतीवर ओळीनं चाकं टांगलेली होती. मी सरळ अठरा इंचीपाशी जाऊन उभा राहिलो. काळं, पाच आऱ्यांचं, कडेनं चंदेरी रेघ.

"मागे कोण बसतं?" मोजपट्टीनं विचारलं.

"का?"

"स्प्रिंगा छोट्या टाकल्या की गाडी खाली येते. त्यात मागे दोन माणसं बसली की आणखी दबते. मग अठराचं चाक मडगार्डला घासणार आणि स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट टेकणार. माणसं बसत असतील तर सोळा घ्या, एकच इंच खाली करू. काही वाईट नाही दिसत, साहेब."

सोळा! मी त्या सोळा इंचीकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

मागे आई बसायची. दर रविवारी मी तिला मावशीकडे न्यायचो, आणि येताना बरेचदा मावशीही बरोबर यायची. पुढे बस म्हटलं तरी आई मागेच बसणार. "मागे बसलं की कसं मोठ्या बाईसारखं वाटतं," म्हणायची. शाळेत शिपायाची नोकरी करणाऱ्या बाईची ही एवढीच काय ती ऐट.

"कोणी नाही," मी म्हणालो. "मी एकटाच असतो."

मोजपट्टीनं एक कार्ड पुढे केलं. "तुमच्या हातानं लिहा. लोक नंतर भांडायला येतात." 'मागील सीट' असं छापलं होतं. त्यापुढे मी लिहिलं, 'कोणी नाही', आणि खाली सही ठोकली. एक प्रत त्यानं मला दिली, ती मी पुढच्या सीटच्या पाठीला जो खिसा असतो त्यात कोंबली आणि विसरून गेलो. तिथे कोण बघणार होतं!

पुढचे तीन रविवार मी आईला थापा मारल्या. एकदा दुकानात काम, एकदा डोकं दुखतंय, एकदा गाडीच बिघडलीय. मग तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. एकतीस वर्षं तिनं त्या शाळेत घंटा दिली होती आणि शाळा सुटताना 'थांबा' लिहिलेली लाल पाटी घेऊन भर रस्त्यात उभी राहिली होती. त्या दिवशी मात्र काम करायचं नाही, दुपारी तीनला पाहुणी म्हणून यायचं, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं.

"मला फाटकाशी गाडीतून उतरायचंय रे," आई म्हणाली. "सगळ्यांसमोर. एवढं एकदा कर."

खरं सांगायला तोंड होतं कुठे? हळू चालवीन, जाईल निभावून, असं मी मनाला समजावलं.

मावशी आलीच. ती अंगानं भरदार आणि जिभेनं त्याहून. आईनं शाळेला द्यायला कुंडीत लिंबाचं झाड वाढवलं होतं, ते पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसवलं. दोघी मागे बसल्या आणि गाडी चांगलीच दबली.

"राजे, गाडी बसली की आम्ही?" मावशीनं विचारलं. पहिल्याच वळणावर चाक मडगार्डला घासलं. खर्रर्र. "आणि दात का खातेय ही?"

मी रेडिओ मोठा केला.

पहिला स्पीडब्रेकर बाजारापाशी आला. मी गाडी थांबवली. "जरा उतरता का दोघी? पलीकडे गेलो की लगेच बसा."

"म्हणजे आम्ही गाडीला फिरवायला आणलंय होय!" मावशी उतरता उतरता म्हणाली. भाजीवाल्यांच्या देखत दोघी चालत पुढे गेल्या. मी रिकामी गाडी तिरकी करून, जीव मुठीत धरून पलीकडे नेली. आई हसत हसत परत बसली. तिच्या नव्या बुटांवर धूळ बसली होती.

"बूट पुसायला एखादा कागद आहे का रे?"

"पुढच्या खिशात बघ," मी रस्त्याकडे बघत म्हणालो.

मागे कागदाची सळसळ झाली. मला वाटलं, बूट पुसतेय.

दुसरा स्पीडब्रेकर दिसला आणि मी काही म्हणायच्या आत आईनं दार उघडलं. "चल गं," ती मावशीला म्हणाली. या खेपेला हसली नाही. चालून दमली असेल, असं मी धरून चाललो.

तिसरा शाळेच्या फाटकासमोरच. तो तर आईचाच. काही वर्षांपूर्वी एका मुलीला तिथे मोटारसायकलनं उडवलं, मुलीचा पाय मोडला. तेव्हा आईनं पालकांच्या सह्या गोळा करून तीन वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. शेवटी तिथल्या लोकांनी वैतागून असा काही उंच स्पीडब्रेकर घातला की पुन्हा तक्रारीला जागाच नको.

फाटकाशी मुलं दोन रांगांत उभी होती. मुख्याध्यापिकाबाई फुलं घेऊन पुढे. सगळ्यांचं लक्ष गाडीकडे. आईचा हात दाराकडे गेला.

"बसून राहा," मी म्हणालो.

आईची हौस पुरी करायला म्हणालो, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण एवढ्या लोकांसमोर तिला उतरवलं असतं तर माझी शोभा झाली असती, म्हणून म्हणालो. शिवाय सगळे माझ्या चाकांकडे बघत होते.

पुढची चाकं पलीकडे गेली. मग खालून पत्रा फाटल्यासारखा आवाज आला आणि गाडी त्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. मी रेस दिली. चाकं जागच्या जागी फिरली, जळक्या रबराचा वास सुटला. एक मूल हसलं, मग अख्खी रांग. मागून ट्रक भोंगा वाजवायला लागला, समोरून बस. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आई उतरली. मावशी उतरली. गाडी जराशी वर आली, पण सुटली नाही. आई फाटकापर्यंत चालत गेली, मुख्याध्यापिकाबाईंना नुसती मान डोलावली, आत खिळ्याला लटकवलेली लाल पाटी काढली आणि परत रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. ट्रकचा भोंगा बंद झाला. बस थांबली. एका हातानं पाटी उंच धरून दुसऱ्या हातानं ती मला मागे यायची खूण करत होती.

"हळू. घाबरायचं नाही. सरळ ये."

पहिलीतल्या मुलांना रस्ता ओलांडून देताना ती अगदी याच आवाजात बोलायची. खालून करकर आवाज करत गाडी मागे आली. मी ती कडेला लावेपर्यंत आईनं पाटी खाली केली नाही. मग ती स्वतःच्या निरोप समारंभाला चालत आत गेली. लिंबाचं झाड मी तिच्या मागोमाग उचलून नेलं.

कार्यक्रमभर मी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलो. आई भाषणात सगळ्यांबद्दल बोलली, माझ्याबद्दलही बोलली. मुलानं गाडीतून आणलं, म्हणाली. सगळे हसले. ती मुळीच हसली नाही, तिनं ते सरळ मनानं म्हटलं होतं. येताना दोघी बसनं आल्या. "तू ये सावकाश," आई म्हणाली.

मी घरी पोचलो तेव्हा मावशी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. आईनं मला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि पर्समधून चार घड्या घातलेलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मोजपट्टीचं. उलगडायची गरजच नव्हती.

"मावशीच्या हाती लागलं असतं म्हणून काढून ठेवलं," ती हळूच म्हणाली. "तिनं तुला जन्मभर ऐकवलं असतं."

"आई, मी ते उगाच... ते चाक..."

"असू दे."

मला लाज वाटली. फाटकासमोर वाटली होती ती काहीच नव्हती. दुसऱ्या स्पीडब्रेकरला तिनं दार आपणहून उघडलं होतं. तिला तेव्हाच सगळं कळलेलं होतं, आणि तरी तिनं माझ्यासाठी पाटी धरली.

"काय गं, काय कुजबुज चाललीय?" मावशीनं आतून विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली आणि बूट काढायला पलंगावर बसली. तिला वाकायला त्रास होतो, म्हणून मी खाली बसून नाड्या सोडल्या. दोन्ही बुटांवर बाजारातली धूळ तशीच होती.