बाथरूमची ट्रायल

माझी आई भांडत नाही. हॉटेलात गार चहा आला तरी म्हणते, "असू दे, नाहीतरी उकडतंयच." त्यामुळे नव्या बाथरूमचं पाणी पॅसेजमध्ये आलं तेव्हा मी कपाळावर हातच मारला. झालं! आता आई म्हणणार, असू दे.

दिसायला बाथरूम एकदम झकास झालं होतं. फिकट निळ्या टाइल्स, पट्टी धरून आखल्यासारखे सांधे आणि चकाचक शॉवर. दारातला उंबरा मुद्दाम काढून टाकला होता, कारण त्यालाच अडखळून आजोबा, म्हणजे आईचे वडील अण्णा, पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. शनिवारी ते हॉस्पिटलमधून घरी येणार होते, वॉकर घेऊन. तिथूनच त्यांनी बजावलं होतं, "मला कुणी आंघोळ घालायची नाही. ती वेळ आली तर मला सरळ वर पोचवा."

आणि इथे मी शॉवर सोडून बघते तर काय, शॅम्पूचं टोपण जाळीकडे जायचं सोडून डुलत डुलत दाराबाहेर निघालं. थेट पप्पांच्या चपलेपर्यंत!

कॉन्ट्रॅक्टर आले. त्यांचं नाव मी टेन्शनकाका ठेवलंय. ते "टेन्शन नका घेऊ" म्हणाले की आम्हाला हमखास टेन्शन येतं.

"टेन्शन नका घेऊ ताई," ते म्हणाले. "एवढंतेवढं पाणी यायचंच. आंघोळ झाली की वायपर मारायचा."

"एका हातात वॉकर आणि दुसऱ्या हातात वायपर?" मी विचारलं. वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून माझ्या तोंडाला कुलूप राहिलेलं नाही, असं पप्पा म्हणतात.

"घरातच वकील आहे की!" काका हसले.

पप्पांनी तडजोड काढली. "दाराशी बोटभर उंचीची पट्टी लावू या का?"

"म्हणजे उंबऱ्याचं पिल्लूच की!" मी म्हणाले.

आईच्या गळ्यात टेप तशीच लटकत होती, ब्लाउज शिवता शिवता उठून आली होती ना. आणि मी नेमकं हेच विसरले होते. चहाच्या बाबतीत मेणाहून मऊ असलेली माझी आई शिवणाला बसली की पोलाद होते. ट्रायल घेतल्याशिवाय ब्लाउज देत नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "बसेल हो, द्या." आई म्हणते, "घाला आणि हात वर करा." काखेत जरासा ताण दिसला की सगळं उसवायला घेते.

"भाऊ," ती म्हणाली, "मापं छान घेतलीत. ट्रायल कुणी घेतली?"

"ट्रायल? बाथरूमची?"

"चपला काढा."

तिने सोफ्यामागचा कोरा वॉकर आणला, काकांच्या हातात दिला आणि साबणाची वडी पुढे केली. "तळपायांना लावा. आणि डोळे मिटा. अण्णांचा चष्मा आंघोळीच्या वेळी बाहेर असतो."

पप्पा खोकले. मी हसू दाबलं. काकांनी आधी थट्टेवारी नेलं, पण आईने शॉवर सोडलाच. शर्टासकट चिंब झालेले काका डोळे मिटून एकेक पाऊल टाकत बाहेर निघाले. आई दंडाला धरून बरोबर होती. दारापाशी पाण्याचं थारोळं साचलं होतं. तिथे त्यांचा पाय सर्रकन घसरला. आईने घट्ट धरलं म्हणून, नाहीतर दुसरा खुबा तयारच होता!

काकांनी डोळे उघडले. पायाखालचं थारोळं बघितलं.

"आजवर उंबरा घालूनच बाथरूम केली ताई," ते हळूच म्हणाले. "उतार थोडा चुकला तरी उंबरा सांभाळून घ्यायचा. तो काढला, पण माझा हात जुन्याच सवयीने चालला."

"मग?"

"दाराजवळच्या टाइल्स काढून भागणार नाही. सगळंच उसवावं लागेल."

आई इतकी गोड हसली की वाटलं, आता नक्की "असू दे" म्हणणार.

"उसवा," ती म्हणाली.

आईशप्पथ, मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या! ना आवाज चढला, ना एक वाकडा शब्द. मी असते तर भाषण ठोकलं असतं आणि पाणी वाहतच राहिलं असतं.

काकांनीही मग कसर ठेवली नाही. सगळं खणून काढलं, दारापासूनच उतार धरला. दर थोड्या वेळाने स्वतःच तांब्याभर पाणी ओतून बघायचे. टाइल्स बसल्यावर साबण लावून, डोळे मिटून चालूनही बघितलं, कुणी न सांगता.

शनिवारी आजोबा आले आणि आल्या आल्या आंघोळीला गेले. एकटे. दार लोटलं, शॉवर सुरू झाला. आई पॅसेजमध्ये अनवाणी उभी, पप्पा भिंतीला टेकून, मी जमिनीशी गाल लावून, आणि टेन्शनकाका! त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. पाण्याचा एक थेंब बाहेर आला नाही.

"बाहेर किती जण उभे आहात रे?" आतून आजोबा ओरडले. "तिकिटं लावा हवी तर! पण आत कुणी यायचं नाही!"

"टेन्शन नका घेऊ अण्णा," आईच म्हणाली, आणि गळ्यातली टेप सावरत मशीनकडे गेली.