शिंकलेल्या पेटीची हकिगत

मित्रांनो, हा कारखाना, त्यातली शंभरेक माणसं, कुंपणापलीकडची वस्ती आणि त्या वस्तीतली झाडून सारी मांजरं आज जिवंत आहेत, ती केवळ माझ्यामुळे! मी एक जुनी बिडाची पेटी आहे. रंग करडा, वजन चौतीस किलो, झाकणाला बारा बोल्ट आणि पोटात पंपाचा स्विच. मांजरांचं तेवढं मी खात्रीने सांगू शकत नाही.

वितळलेलं बीड साच्यात ओतलं आणि मी जन्मले. माझे काठ आरशासारखे घासले. मग पोटात मुद्दाम वायू भरून तो पेटवून पाहिला. इतरांना जन्मल्यावर अंगाई ऐकवतात, मला स्फोट ऐकवला. मी फुटले नाही, म्हणून अंगावर ‘फ्लेमप्रूफ’ अशी पाटी आली.

या पाटीने फार घोटाळा केला आहे. लोकांना वाटतं, माझ्यात वायू शिरतच नाही. छे हो! मी तापते, निवते आणि निवताना बाहेरची वाफ आत ओढते. स्विच उघडताना, म्हणजे पंप बंद करताना, ठिणगी पडते. कधी भडका उडालाच, तर तो माझ्या पोटात उडतो. माझं काम एवढंच, की तो बाहेर जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी झाकण आणि काठ यांच्यात केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. त्या चिंचोळ्या वाटेने, थंड बिडाला घासत बाहेर पडेपर्यंत आगीचा पार उत्साह मावळतो. सरकारी कचेरीत तक्रार घेऊन गेलेल्या माणसाचा मावळतो, तसाच.

रंग पातळ करायचं थिनर जिथे पिंपात भरतात, त्या खोलीत माझी नेमणूक झाली; या थिनरची नुसती वाफही ठिणगीने पेटते. तिथे बावीस वर्षं एकच बाई पिंपं भरत होती. कारखान्याचा वायरमन तिचा सख्खा धाकटा भाऊ. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळेच ताई म्हणत. त्याला मात्र सगळे मिस्त्री म्हणत. ताई माझ्यापासून हातभर अंतरावर उभी असायची. दिवसातून वीस वेळा माझं बटण दाबायची आणि कधीतरी फडक्याने मला पुसायचीही.

मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, टापटिपीचा होता. त्यांनी कागदाचा कोपरा माझ्या फटीत सरकवून पाहिला.

“एवढी दणकट पेटी, आणि झाकण बसत नाही?”

“ते तसंच असतं म्हणे, साहेब,” ताई म्हणाली. “माझ्या भावाला विचारा.”

“कुठे आहे तो?”

“रजेवर. सासऱ्यांचं ऑपरेशन आहे.”

“म्हणजे सासरे बरे होईपर्यंत ही अशीच?”

साहेबांनी रंगाऱ्याला बोलावलं. त्याने माझ्या फटीत लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरली, वरून रंगाचे दोन हात दिले. “वा! आता कशी देखणी दिसते!” साहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला देखणी म्हटलं, आणि नेमका तेव्हाच माझा जीव गुदमरत होता. पुढचे चार दिवस ताई बटण दाबायची आणि मी जीव मुठीत धरून बसायचे. मूठ नसताना.

सोमवारी मिस्त्री परतला. “ताई, हिला कुणी नटवलं?”

“साहेबांनी. फट दिसत होती ना.”

मिस्त्रीचा चेहरा पडला. त्याने मेन स्विच बंद केला, त्याला स्वतःचं कुलूप लावलं आणि माझं झाकण उघडलं. तेवढ्यात साहेब आले.

“अहो, चांगलं काम का खरवडताय?”

“साहेब, कुकरची शिट्टी बुजवून तो गॅसवर ठेवाल का? आत भडका उडाला तर दाबाने जायचं कुठे?”

“पण उडेलच कशाला?”

“नाही उडाला तर उत्तमच. पण इथे माझी बहीण उभी असते. तिच्या जागी तुम्ही उभे राहणार असाल, तर आत्ता परत लांबी भरून देतो.”

साहेबांनी ताईच्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाले, “खरवडा.”

मिस्त्रीने प्लास्टिकच्या पट्टीने लांबी काढली. स्क्रूड्रायव्हरने काठाला ओरखडा पडला असता, आणि ओरखडा म्हणजे आगीला हमरस्ता. दुपार झाली, तरी घाई केली नाही. मग बाराच्या बारा बोल्ट आवळले आणि पोलादाचं पातळ पातं फिरवून फट मोजली.

मंगळवारपासून नळीचा एक सांधा झिरपू लागला. वास रोजचाच, त्यामुळे कुणाला कळलं नाही. गुरुवारी सकाळी सांधा सुटला आणि थिनर ताईच्या पायाशी पसरलं. “अगं बाई!” म्हणत तिने माझं लाल बटण दाबलं. स्विच उघडला. ठिणगी पडली.

धप्प!

बारा बोल्ट ताणले गेले. फटीतून एक झुळूक ताईच्या मनगटावर आली. कोमट. बस, एवढंच. पायाशी थिनर, भोवती वाफ, आणि काहीही पेटलं नाही.

ताई झपाझप बाहेर पडली. भाऊ धावत आला. “ताई! काय झालं?”

“काही नाही रे. तुझी पेटी शिंकली.”

मिस्त्री पायरीवर मटकन बसला. हसू लागला, डोळे पुसू लागला. दोन्ही एकदम जमेना, तेव्हा ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मागून साहेब आले. त्यांनी ऐकलं, ताईकडे नीट पाहिलं, आणि तेही त्याच पायरीवर बसले. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. चौतीस किलोंची असूनही.

स्फोट सोसलेल्या पेटीला पुन्हा कामावर घेत नाहीत. आता मी प्रशिक्षणाच्या खोलीत, टेबलावर झाकण उघडून बसलेली असते. नव्या माणसांना माझी फट साहेब स्वतः दाखवतात. “ही मी बुजवली होती,” असं सांगतात, आणि पुढे थोडा वेळ चष्मा पुसतात.

तेव्हा मित्रांनो, एखादी वस्तू सदोष दिसली, तर दुरुस्त करण्याआधी तिच्या जाणकाराला विचारा; तो रजेवर असेल तर थांबा. आणि एक विनंती. मी उघडी आहे म्हणून संत्र्याची सालं माझ्यात टाकू नका. कचऱ्याचा डबा दाराशी आहे.