अविराजची चौकशी

ज्ञानेशने झाडावरच्या पेरूवर फोमची जाळी चढवली, वरून पिशवी ओढली आणि तिचे तोंड बांधता बांधता बांधावर थांबलेल्या मोटारसायकलकडे पाहिले. उतरलेला माणूस पन्नाशीचा होता, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्याने आपले नाव संभाजीराव सांगितले. इंदापूरकडून आलो, भाचीच्या लग्नाचे बघतोय, तुमच्या चुलतभावाची, अविराजची जरा चौकशी करायची होती, असे म्हणाला.

झाले. सकाळपासून बऱ्यापैकी असलेल्या ज्ञानेशच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

अविराज आणि तो पिंपळीच्या एकाच मैदानावर कबड्डी खेळत मोठे झाले. चढाईत ज्ञानेश उजवा, असे तेव्हा सगळेच म्हणत. पण वडील गेले आणि ज्ञानेश शेतात उतरला. अविराज खेळत राहिला, आणि गेल्या वर्षी लीगच्या लिलावात त्याच्यावर अशी बोली लागली की गावाने तोंडात बोटे घातली. तेव्हापासून चुलत्याच्या दारात स्थळांची रीघ. इकडे ज्ञानेश बत्तीस वर्षांचा झालेला, बारमाही पाणी, स्वतः उभी केलेली पेरूची बाग; पण नोकरी नाही म्हटल्यावर पाहुण्यांना पोहेसुद्धा गोड लागत नसत. ज्ञानेश जळत होता. ते त्याला कळतही होते, पण कळून जळणे थोडेच थांबते!

"पोरगा कसा हाय?" संभाजीरावांनी विचारले.

"चांगला हाय की."

इथेच थांबला असता तर बरे झाले असते. पण पाहुणा क्रेटवर ऐसपैस बसला, आणि ज्ञानेशची जीभ सैल सुटली. आम्ही वर्षभर राबून माल पिकवायचा आणि बाजारात तो मातीमोल जायचा. आणि ही पोरे चार महिने मॅटवर लोळणार, जाहिरातीत दात काढणार आणि पोत्याने पैसा आणणार. कुणाची तंगडी धरण्याचे एवढे पैसे असतात का कुठे, असे त्याने पाहुण्यालाच विचारले.

"मिळत्यात तर घ्यावं की त्यानं," संभाजीराव म्हणाले. "ल्हानपणापास्नं घाम गाळलाय."

"मग आमी काय गाळतोय?"

पाहुण्याने शेजारच्या फांदीकडे हात लांबवला. त्याने एक पिकला पेरू तोडून हातात घेतला, बाग कधी लावली, पाणी कसे देता, माल कुठे जातो ते विचारले. ज्ञानेशने एकेका शब्दात उत्तरे दिली. त्याचे डोके अजून अविराजच्या पैशातच अडकले होते.

शेवटी संभाजीरावांनी सरळ विचारले, "म्हंजी पोरगी द्यावी का न्हाय त्याला?"

ज्ञानेशने इकडेतिकडे पाहिले.

"तुमी इचारलं म्हणून सांगतो. गुडगा गेलाय त्याचा. गुपचूप आप्रेशन झालंय. संघाला कळायचा अवकाश, हातात नारळ देतील. मग कुठला पैसा अन् कुठलं काय."

पुण्याच्या दवाखान्यात अविराजच्या उशाशी ज्ञानेशच बसून होता. कुणाला बोलू नकोस म्हणून अविराजने तेव्हा त्याचाच हात धरला होता. तरीही बोलून टाकल्यावर ज्ञानेशला बरे वाटले, पोट निवल्यासारखे. आता त्याने मोठ्या मनाने पाहुण्याला घरी चहाला चलण्याचा आग्रहही केला.

संभाजीराव उठले. हातातला पेरू त्यांनी क्रेटवर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. पुन्यांदा कवातरी," म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

गाडी वळणाआड होते न होते तोच घराकडून सिंधुबाई आली. आईने दुपारचीच ठेवणीतली साडी नेसलेली पाहून ज्ञानेश चकित झाला. तिच्या हातात झाकलेले ताट होते.

"पाव्हणं कुठायत?"

"गेलं. पण तुला कुणी सांगितलं पाव्हणं आल्यालं?"

"अवीनं," ती म्हणाली, आणि मग तिला राहवेना. स्थळ अविराजलाच आले होते. पण त्याने हात जोडले. माझा गुडघा असा, माझे पुढे काय खरे नाही, असे स्वतःच्या तोंडाने सांगून तो पाहुण्यांना म्हणाला, पोरगी द्यायची तर आमच्या ज्ञानूला द्या, एवढी बाग त्याने एकट्याने उभी केली आहे. बघायला आलो म्हटले की तो अवघडतो, तेव्हा माझी चौकशी करायला आलो म्हणून सांगा.

"म्हणला, माजं काय इचारलं की ज्ञानू मोकळा बोलतो. त्यातच तुमाला त्याचा सोबाव कळंल."

ज्ञानेश हातातल्या फोमच्या जाळीकडे बघत राहिला.

"मग? बोललास न्हवं मोकळा?"

"बोललो."

"समदं नीट सांगितलंस?"

त्याने मान डोलावली. सिंधुबाईचा चेहरा खुलला. तिने ताट क्रेटवर ठेवले आणि पदराने तोंड पुसले.

"मग लाव त्याला फोन," ती म्हणाली. "सकाळधरनं दोनदा इचारलंय त्यानं, काय झालं म्हणून."